वंशावळ नसलेल्यांची वंशावळ : सचिन, शरणपूर व मंडळीची नोंदवही

सुरतेहून मुंबईच्या दिशेने निघाले की उधना व भेस्तान ह्यांच्या पुढे सचिन हे स्थानक लागते. आज हे नाव उच्चारले की लोकांच्या डोळ्यांपुढे तेथील औद्योगिक वसाहत उभी राहते. कापडाचे माग, रंगाई-छपाईचे कारखाने आणि तेथे राबणारे कामगार ह्यांनी हा परिसर गजबजलेला आहे. सुरत व तिच्या आसपासच्या कामगारवर्गात खानदेशातून आलेल्या मराठी भाषकांची संख्या मोठी आहे व त्यांत ख्रिस्ती कुटुंबेही आहेत. अशाच एका कुटुंबात प्रार्थनेसाठी गेलो असता तेथील धर्मशिक्षकाने आम्हांस एक कागद दाखविला. घरातील वडीलधाऱ्या बाईंच्या पणजीच्या बाप्तिस्म्याचा तो उतारा होता. ही पणजी संवत १९५६ च्या, म्हणजे इ. स. १८९९–१९०० च्या, छपन्नच्या दुष्काळात एका मिशनच्या अनाथाश्रमात आणली गेलेली मुलगी होती. उताऱ्यावर तिचे नवे ख्रिस्ती नाव होते, तारीख होती, बाप्तिस्मा देणाऱ्याची सही होती. आईबापांच्या नावांच्या जागी मात्र "दुष्काळातील मूल" एवढेच शब्द होते.

धर्मशिक्षक म्हणाला, "पाळकसाहेब, ज्यांच्या घराण्याचा आरंभच असा कोऱ्या रकान्यातून होतो, त्यांनी आपले मूळ शोधावे तरी कोठे?"

त्या वेळी आम्ही काहीतरी समाधानाचे बोललो. परंतु ते उत्तर नव्हते हे आम्हांस ठाऊक होते. पुढे विचार करिता असे ध्यानात आले की, ज्या सचिनमध्ये बसून हा प्रश्न विचारला गेला त्या गावाचा इतिहास ह्याच प्रश्नाभोवती फिरतो. समुद्रापलीकडून ह्या किनाऱ्यावर येऊन राहिलेल्या माणसांपैकी कोणाचे पूर्वज सापडतात, कोणाचे सापडत नाहीत व असे का होते, ह्याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

१. ज्यांची नावे दगडात कोरली गेली

सुरतेत इंग्रजांची जुनी दफनभूमी आहे. तेथील ऑक्सेंडन बंधूंची दुमजली, घुमटाची समाधी प्रसिद्ध आहे. ख्रिस्तोफर ऑक्सेंडन १६५९ साली वारला. त्याचा भाऊ सर जॉर्ज ऑक्सेंडन हा इंग्रजांच्या सुरतेच्या वखारीचा प्रमुख होता. १६६४ साली शिवाजी महाराजांनी सुरतेवर स्वारी केली तेव्हा वखारीचा बचाव करणारा तो हाच. तो १६६९ साली वारला. जवळच डचांच्या दफनभूमीत १६९१ साली मरण पावलेल्या व्हान रीड ह्याचीही भव्य समाधी आहे. मुसलमान उमरावांच्या कबरींशी स्पर्धा करावी अशा थाटात ह्या व्यापाऱ्यांनी आपल्या मृतांची स्मारके उभारली.

दगड झिजला तरी इंग्रजाच्या वंशजाचे फारसे अडत नाही. मुंबई इलाख्यातील बाप्तिस्मे, विवाह व दफने ह्यांच्या नोंदींच्या प्रती लंडनला पाठविण्याची व्यवस्था ईस्ट इंडिया कंपनीने केली होती. त्या आज ब्रिटिश लायब्ररीत आहेत. इंग्लंडमध्ये प्रत्येक धर्मग्रामाने अशी नोंदवही ठेवावी हा नियम १५३८ सालचा. रोमन कॅथलिक मंडळीत ट्रेंट येथील परिषदेने १५६३ साली तोच दंडक घातला. तेव्हा सुरतेत वारलेल्या इंग्रज कारकुनाचा पाचव्या-सहाव्या पिढीतील वंशज कागदाचा माग काढीत त्याच्या जन्मगावापर्यंत जाऊ शकतो.

परंतु वखारीत इंग्रजांबरोबर इतर माणसेही होती. स्वयंपाक करणारे, पाणी भरणारे, पालखी वाहणारे ह्यांपैकी कोणाची नावे त्या समाध्यांवर नाहीत. ज्याच्या मागे वारसा असतो त्याची नोंद राहते, हा नियम येथे प्रथम दिसतो. सुरतेहून फार दूरच्या एका समुद्रात ह्याच नियमाचे कठोर रूप पाहावयास मिळते.

२. वेस्ट इंडिजची याद्यांची वही

इंग्रजांनी १६२७ साली बार्बाडोस बेटावर वसाहत केली व १६५५ साली स्पेनकडून जमैका घेतले. पुढील दोन शतकांत इंग्लंड, स्कॉटलंड व आयर्लंड येथील असंख्य कुटुंबांतील माणसे त्या बेटांवर गेली. कोणी मळेवाला झाला, कोणी मुकादम, कोणी कारकून, कोणी धर्मगुरू. आज ब्रिटनमधील पुष्कळ लोक हौसेने आपल्या ह्या पूर्वजांचा शोध घेतात. बेटांवरील धर्मग्रामांच्या नोंदवह्या, मृत्युपत्रे, जमिनींची खरेदीखते अशी साधने त्यांना मिळतात. शोध पुढे सरकला की बहुधा त्यांच्या हाती आणखी एक वही येते. ती दासांच्या नोंदीची.

ब्रिटिश पार्लमेंटने १८०७ साली दासांच्या व्यापारावर बंदी घातली. नवे दास चोरून आणले जाऊ नयेत म्हणून प्रत्येक मालकाने आपल्याकडील दासांची यादी सरकारात द्यावी असा नियम पुढे झाला. त्रिनिदादमध्ये तो १८१३ साली सुरू झाला व १८१७ पासून इतर वसाहतींत पसरला. यादीत दासाचे नाव व वय असे. आफ्रिकेत जन्मला की बेटावर, हेही पुष्कळ ठिकाणी लिहीत. पणजोबांचा जन्मदाखला शोधणाऱ्या माणसाला अशा रीतीने पणजोबांच्या मालकीच्या स्त्रीपुरुषांची व लेकरांची यादी सापडते. तिचे काय करावे हा मग त्याच्या विवेकाचा प्रश्न होतो.

१८३३ सालच्या कायद्याने दास्य रद्द झाले व तो पुढील वर्षी अमलात आला. त्या प्रसंगी दोन कोटी पौंड नुकसानभरपाई मंजूर झाली. ती मालकांना मिळाली; दासांना एक पैही मिळाली नाही. भरपाई मागण्यासाठी मालकांनी केलेल्या अर्जांचे कागद जपून ठेवलेले असल्यामुळे लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजातील संशोधकांना सुमारे ४६,००० अर्जदारांची सूची तयार करता आली. त्या बेटांवरील मुक्त दासांचे वंशजही आज हीच सूची चाळतात, कारण त्यांना दुसरा मार्ग नाही. आपल्या पूर्वजाचे नाव सापडावयाचे तर आधी त्याच्या मालकाचे नाव शोधावे लागते. पुष्कळांचे आडनावही मालकाकडूनच आलेले असते.

ह्या कायद्यातील एक कलम आपल्या देशाशी निगडित आहे. ईस्ट इंडिया कंपनीचा मुलूख, सिलोन व सेंट हेलेना ही स्थळे त्यातून वगळली होती. हिंदुस्थानात दास्याला कायद्याने मान्यता नाही असे ठरविणारा पाचवा कायदा १८४३ साली झाला. येथे नुकसानभरपाई दिली गेली नाही आणि वेस्ट इंडिजसारख्या याद्याही झाल्या नाहीत. परिणामी येथील दासाचा माग काढणाऱ्याला मालकाच्या वहीचाही आधार नाही.

३. सचिनचे नवाब

आता सचिनकडे वळू. १९४८ पर्यंत हे एक लहान संस्थान होते आणि त्याचे नवाब सिद्दी, म्हणजे आफ्रिकी वंशाचे होते. त्यांचे मूळ घराणे मराठी वाचकास सुपरिचित असलेल्या मुरुड-जंजिऱ्याचे. सिद्दींनी सतराव्या शतकात जंजिऱ्यावर आपली सत्ता स्थापिली. मराठ्यांना तो किल्ला अखेरपर्यंत घेता आला नाही. पुढे सिद्दी मोगलांचे आरमारप्रमुख झाले आणि सुरतेशी त्यांचा निकटचा संबंध जडला. १६८९ साली सिद्दी याकूत खानाने मुंबईच्या इंग्रजांनाच वेढा घातला होता.

अठराव्या शतकाच्या अखेरीस जंजिऱ्याच्या गादीविषयी तंटा झाला. हक्कदारांपैकी बाळूमिया ऊर्फ सिद्दी अब्दुल करीम ह्याने पेशव्यांचा आश्रय घेतला. १७९१ सालच्या करारान्वये त्याने जंजिऱ्यावरील आपला हक्क पेशव्यांना लिहून दिला व त्याच्या मोबदल्यात सुरतेजवळचा सचिनचा मुलूख घेतला. पेशव्यांना जंजिरा काही मिळाला नाही. सचिन मात्र बाळूमियाच्या वंशजांकडे राहिले. त्या घराण्याची वंशावळ पिता-पुत्र क्रमाने व सनावळीसह उपलब्ध आहे. २०१३ साली न्यूयॉर्क येथील शोम्बर्ग केंद्राने हिंदुस्थानातील आफ्रिकी सेनापती व राज्यकर्ते ह्यांच्याविषयी प्रदर्शन भरविले तेव्हा सचिनच्या नवाबांनाही त्यात स्थान मिळाले.

ह्यावरून असे वाटेल की सिद्दींची वंशावळ इंग्रजांच्या वंशावळीइतकीच पक्की आहे. परंतु थोडे मागे गेले की वेगळेच दिसू लागते. सचिनच्या नवाबांच्या नावात पिढ्यान् पिढ्या येणारे पद "याकूत खान" हे होय. औरंगजेबाने जंजिऱ्याच्या सिद्दी कासीमला हा किताब दिला होता. याकूत म्हणजे माणिक. मध्ययुगीन मुस्लिम जगतात दासांना रत्नांची व सुगंधी द्रव्यांची नावे देण्याची रीत होती. याकूत, मरजान म्हणजे पोवळे, काफूर म्हणजे कापूर, अंबर ही त्यांतलीच. निजामशाहीचा सुप्रसिद्ध वजीर मलिक अंबर (मृत्यू १६२६) ह्याचेही तसेच. इथिओपियात जन्मलेल्या ह्या मुलाचे मूळ नाव चापू होते असे इतिहासकार सांगतात. तो विकला गेला, हातोहात फिरत दख्खनेत आला आणि वाटेत कोठेतरी अंबर झाला. पुढे त्याने १६१० साली खडकी हे नगर वसविले, मोगलांना वर्षानुवर्षे थोपविले. पण इतिहासात तो मालकाने दिलेल्या नावानेच राहिला.

तात्पर्य, नवाबाच्या बिरुदातही एका विकल्या गेलेल्या मुलाची खूण आहे. सचिनची वंशावळ सचिनहून जंजिऱ्यास जाते, जंजिऱ्याहून अहमदनगरच्या दरबारापर्यंत पोहोचते. तेथून पुढे समुद्र आहे आणि समुद्रापलीकडे कोणत्या गावी, कोणत्या आईच्या पोटी, ह्या रकान्यात काही लिहिलेले नाही. ज्या सिद्दींना राज्य मिळाले नाही त्यांच्याविषयी तर बोलावयासच नको. गुजरातेत, उत्तर कर्नाटकात व गोव्याच्या सीमेवर राहणारे सिद्दी आपापल्या भागातील गुजराती, कोंकणी, मराठी, कानडी ह्या भाषा बोलतात. त्यांच्यात मुसलमान, हिंदू व ख्रिस्ती असे तिन्ही धर्मांचे लोक आहेत. कर्नाटकातील ख्रिस्ती सिद्दींची पोर्तुगीज वळणाची नावे गोव्यातील मालकांची व धर्मगुरूंची आठवण देतात. मुसलमान मालकाने दासाला रत्नाचे नाव दिले, ख्रिस्ती मालकाने संताचे दिले. आईने ठेवलेले नाव दोन्हीकडे गेले.

४. शरणपूर

येथवर मंडळीच्या नोंदवहीने आफ्रिकी माणसासाठी काही केले असे दिसत नाही. परंतु आपल्या महाराष्ट्रात एक ठिकाण असे आहे की जेथे ही कथा वेगळे वळण घेते. ते नाशिकजवळचे शरणपूर होय.

चर्च मिशनरी सोसायटीचे विल्यम सॉल्टर प्राइस ह्यांनी एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास ही ख्रिस्ती वसाहत उभी केली. त्या काळी ब्रिटिश आरमाराची जहाजे अरबी समुद्रात दासांची वाहतूक करणारी गलबते पकडीत. सुटका झालेल्यांपैकी काहींना एडनला, काहींना मुंबईस उतरवीत. आफ्रिकेच्या अंतर्भागातून धरून आणलेली ही मुले परत पाठविण्यास ठिकाण उरलेले नसे. त्यांपैकी पुष्कळांना शरणपूरच्या आश्रमात ठेवण्यात आले. तेथे ती वाचावयास शिकली, सुतारकाम व लोहारकाम शिकली आणि प्रार्थनापुस्तकाशी परिचित झाली. पूर्व आफ्रिकेत पुढे हे लोक "मुंबईचे आफ्रिकी" ह्या नावाने ओळखले गेले.

१८६६ साली डेव्हिड लिव्हिंग्स्टन आफ्रिकेच्या शेवटच्या प्रवासास निघाले तेव्हा त्यांनी नाशिकचे नऊ तरुण बरोबर घेतले. १८७२ साली त्यांच्या मदतीस गेलेल्या तुकडीत जेकब वेनराइट हा शरणपूरचा विद्यार्थी होता. १ मे १८७३ रोजी, सध्याच्या झांबियातील चितांबो ह्या गावी, लिव्हिंग्स्टन वारले. सोबत्यांनी त्यांचे हृदय तेथेच झाडाखाली पुरले. त्या वेळी दफनविधीचे शब्द वाचले ते वेनराइटने, आणि झाडावर लेख कोरला तोही त्यानेच. मग चुमा, सुसी, वेनराइट व इतर मंडळींनी तो देह शेकडो कोस वाहून किनाऱ्यावर आणला. १८ एप्रिल १८७४ रोजी वेस्टमिन्स्टर ॲबीमध्ये दफन झाले तेव्हा शवपेटीला हात देणाऱ्यांत वेनराइट होता. दास म्हणून विकल्या गेलेल्या मुलाने नाशिकला मिळविलेले अक्षरज्ञान ह्या प्रसंगी उपयोगी पडले, ही गोष्ट आपल्या मंडळीच्या इतिहासात ठळकपणे लिहिली जावयास हवी.

मुंबईचे माजी गव्हर्नर सर बार्टल फ्रिअर ह्यांच्या पुढाकाराने १८७३ साली झांजिबारच्या सुलतानाशी करार होऊन तेथील दासांचा बाजार बंद झाला. त्यानंतर प्राइस ह्यांच्या नेतृत्वाखाली मोंबासाजवळ मुक्त दासांची वसाहत स्थापन झाली. तिला फ्रिअरटाउन असे नाव पडले. शरणपूरची आफ्रिकी मंडळी तेथे गेली व त्या वसाहतीचा कणा बनली. त्यांच्यापैकी विल्यम जोन्स व इश्माएल सेमलर ह्यांना बिशप हॅनिंग्टन ह्यांनी १८८५ साली डीकन म्हणून दीक्षा दिली. त्याच वर्षी बिशपांबरोबर जोन्स युगांडाच्या वाटेवर होते. बिशपांची हत्या झाल्यावर उरलेल्या मंडळींना त्यांनीच परत आणले.

५. नाव बदलले, नोंद राहिली

आता ह्या माणसांची नावे पाहा. जेकब वेनराइट, विल्यम जोन्स, मॅथ्यू वेलिंग्टन, कॅरस फॅरर. ह्यांतील शेवटचे नाव वाचताच नाशिकला त्या काळी फॅरर ह्या नावाचे मिशनरी होते हे आठवते. मालकाच्या जागी उपकारकर्ता आला; परंतु नाव देण्याची रीत तीच राहिली. ज्यांनी ही नावे दिली त्यांच्या हेतूविषयी आम्हांस शंका नाही. मुलांना नवा जन्म मिळाला ह्या आनंदात त्यांनी ती दिली. पण नवा जन्म होण्यासाठी जुनी आई विसरली पाहिजे असे सुवार्ता कोठे सांगते?

तरीही एक महत्त्वाचा भेद आहे. वेस्ट इंडिजच्या याद्यांत दासाची नोंद झाली ती मालमत्ता म्हणून. मंडळीच्या नोंदवहीत त्याची नोंद झाली ती माणूस म्हणून, आणि तीही गव्हर्नराच्या लेकरासाठी वापरतात त्याच शब्दांत. काही वेळा तर जुने नावही वाचले. मॅथ्यू वेलिंग्टन हे १९३५ पर्यंत मोंबासास हयात होते. लिव्हिंग्स्टनचा देह वाहून आणणाऱ्यांपैकी ते होत. त्यांनी वृद्धपणी आपली हकीकत सांगितली म्हणून त्यांचे मूळ नाव चेंगविंबे, ते याओ जमातीचे, हे आज ठाऊक आहे. फ्रिअरटाउनमध्ये वाढलेले जेम्स म्बोटेला ह्यांनी पुढे मुक्त दासांच्या ह्या पिढीची कथा स्वाहिली भाषेत लिहून ठेवली. कोणीतरी विचारले आणि कोणीतरी लिहून घेतले, एवढ्यामुळेच ह्या दोन नावांचा माग राहिला.

अलीकडे रक्ताच्या परीक्षेनेही मूळ शोधता येते. २०११ साली प्रसिद्ध झालेल्या भारतीय शास्त्रज्ञांच्या अभ्यासात असे आढळले की, आपल्याकडील सिद्दींचा आफ्रिकी अंश प्रामुख्याने बांटू भाषा बोलणाऱ्या लोकांशी जुळतो व त्यात भारतीय अंश मिसळलेला आहे. "हबशी" ह्या सरसकट नावामुळे सर्वांचे मूळ इथिओपियात आहे असा जो समज होता तो ह्यामुळे दुरुस्त झाला. परंतु अशी परीक्षा प्रदेश सांगते, लोकसमूह सांगते. आजीचे नाव सांगत नाही. ते काम वहीचे व स्मरणाचे आहे.

६. शास्त्रातील कोरा रकाना

पवित्र शास्त्राला हा प्रश्न नवा नाही. बाबेलहून परतलेल्यांपैकी काही याजक घराण्यांनी वंशावळीच्या याद्यांत आपली नावे शोधली, पण ती सापडली नाहीत. म्हणून त्यांना याजकपदापासून दूर ठेवण्यात आले (एज्रा २:६१–६३). त्यांत बर्जिल्लयाचे घराणे होते. मूळपुरुषाने सासऱ्याच्या घराण्याचे नाव घेतले होते, हा तपशील ग्रंथकाराने मुद्दाम नोंदविला आहे. नाव बदलले की वंशज अडचणीत येतात, हा अनुभव इतका जुना आहे. ते याजक खोटे होते असे शास्त्र म्हणत नाही. त्यांच्यापाशी कागद नव्हता एवढेच म्हणते.

मत्तयाने सुवार्तेच्या आरंभी प्रभूची वंशावळ दिली तेव्हा राजांच्या ओळीत तामार, राहाब, रूथ व उरीयाची बायको ह्यांना बसविले. राजदरबारी लेखकाने ह्यांतील प्रत्येक उल्लेख टाळला असता. प्रेषितांच्या कृत्यांतील कूशी अधिकारी हा बाप्तिस्मा घेतलेला पहिला आफ्रिकी माणूस म्हणून आपण मानतो. त्याच्या राणीचे बिरुद लिहिले गेले, त्याचे स्वतःचे नाव नाही. ह्याच्या उलट, फिलेमोनास लिहिलेल्या पत्रात पौलाने एका दासाचे नाव कायमचे लिहून ठेवले. अनेसिम म्हणजे उपयोगी. मालकाला शोभेल असेच ते नाव आहे. पौलाने ते बदलले नाही. त्याने त्या नावाच्या माणसाला आपले लेकरू म्हटले, आणि मालकाने त्याला प्रिय बंधू म्हणून स्वीकारावे अशी विनंती केली. मंडळीच्या नोंदवहीचे कार्य कोणते असावे हे ह्या छोट्या पत्रावरून शिकावे.

निरर्थक वंशावळींच्या मागे लागू नये असा पौलाचा इशाराही आम्ही विसरलो नाही. परंतु तो इशारा वंशाचा ताठा मिरविणाऱ्यांसाठी आहे. ज्याला आपल्या आजीचे नाव ठाऊक नाही त्याचा शोध हा ताठा नव्हे.

७. आपल्या हातातील लेखणी

ह्या ठिकाणी आम्हांस एक कबुली दिली पाहिजे. सेवेच्या आरंभीच्या वर्षांत आम्ही स्वतः बाप्तिस्म्याच्या नोंदी घाईने भरल्या आहेत. प्रौढ उमेदवाराचे पूर्वीचे नाव विचारणे अवघड वाटे म्हणून तो रकाना कितीदा तरी कोरा सोडला. आईचे नाव चारचौघांत विचारू नये अशा समजुतीने केवळ बापाचे लिहिले. एका ठिकाणी वाळवीने खाल्लेली जुनी वही नवी प्रत झाल्यावर जाळण्यात आली तेव्हा आम्ही तेथे हजर होतो आणि काही बोललो नाही. समासातल्या टिपा प्रतीत उतरल्या नव्हत्या, हे पुढे कळले.

म्हणून आमच्या पाळकबंधूंना व धर्मशिक्षकांना काही साध्या सूचना कराव्याशा वाटतात. बाप्तिस्म्याच्या नोंदीत उमेदवाराचे पूर्वीचे नाव, आईचे नाव, गाव, तालुका व मातृभाषा आग्रहाने लिहावी. प्रौढ व्यक्तीकडून तिची हकीकत चार ओळींत लिहून घ्यावी. जुन्या वहीची प्रत झाली, छायाचित्र झाले, तरी मूळ वही टाकू नये. जुन्या नोंदीत लाजिरवाणा शब्द असला तरी तो खोडू नये. आजचा शरमेचा शब्द उद्याच्या शोधकाला एकमेव धागा ठरू शकतो. आणि मंडळीतील वृद्ध स्त्रियांना विचारावे. कोणाच्या घरी मुलगी दिली, कोणत्या गावाहून पाणी आणीत, दुष्काळात कोणत्या रस्त्याने आलो, ह्या गोष्टी त्यांच्यापाशी असतात. १८७६–७८, १८९६–९७ व १८९९–१९०० ह्या दुष्काळांतील अनाथ मुलांतून आपल्या मंडळीतील किती घराणी उभी राहिली ह्याचा विचार केला म्हणजे हे काम किती निकडीचे आहे ते कळेल. १९०० साली पंडिता रमाबाईंनी गुजरातेतूनही मुली केडगावास आणल्या. त्या मुलींच्या पणत्या व खापरपणत्या आज आपल्या मंडळ्यांत बसतात.

सचिनच्या त्या धर्मशिक्षकाला आम्ही पुढे असे सुचविले की, उताऱ्यावर थांबू नये, मूळ वही पाहावी; कारण उतारा देणारा नेमके छापील रकानेच उतरवितो. त्याने खटपट करून ती वही पाहिली. आईबापांच्या जागी तेथेही "दुष्काळातील मूल" हेच शब्द होते. मात्र समासात, नोंद करणाऱ्याच्याच हस्ताक्षरात, एक शब्द अधिक होता : "पंचमहाल". मुलगी कोठून आणली ते त्याने स्वतःच्या माहितीसाठी लिहून ठेवले असावे.

आईचे नाव सापडले नाही व ते बहुधा सापडणारही नाही. परंतु धर्मशिक्षक सांगत होता की, तो शब्द वाचून दाखविल्यावर त्या वृद्ध बाईंनी तो दोनतीनदा स्वतःशी उच्चारला आणि घरातल्या मुलांना जवळ बोलावून सांगितला. एका अनाम पाळकाने सव्वाशे वर्षांपूर्वी क्षणभर थांबून लिहिलेला तो एक शब्द आज त्या घराण्याच्या वंशावळीची पहिली ओळ झाला आहे. पुढच्या वेळी नोंदवही उघडताना आपणही तेवढा क्षण थांबावे, एवढीच आमची विनंती आहे.